संगणकाच्या शब्दांची जुनी घरं

बिरवाडीत दाखल्यासाठी सेवा केंद्रात गेलं की कधीकधी दोनच शब्द ऐकू येतात, "सर्व्हर डाऊन". आपण पिशवी उचलतो आणि उद्या पुन्हा यायचं म्हणून परत फिरतो. गाडीभाडं गेलं, रोज बुडला, पण नक्की काय बिघडलं ते विचारायचं राहून जातं. हे शब्द शिकलेल्यांचे, असं मनात बसलंय ना! खरं तर यातले बरेच शब्द यंत्राच्या आधीचे आहेत आणि साध्या कामांतून आलेले आहेत.

कॉम्प्युटरचंच बघा. इंग्रजीत पूर्वी कॉम्प्युटर म्हणजे माणूस, गणितं मांडणारा नोकर. त्यात बायका पुष्कळ. फ्रान्समध्ये निकोल-रेन लपोत नावाच्या बाईंनी दोन सहकाऱ्यांबरोबर कित्येक महिने आकडेमोड केली आणि हॅलेचा धूमकेतू 1759 साली सूर्याजवळ कधी येईल, याचं गणित बसवलं. पुढे अमेरिकेत 1946 साली एनिॲक हे खोलीभर मोठं यंत्र जगापुढे आलं. त्याला काम कसं सांगायचं हे सहा तरुणींनी बसवलं होतं. त्या आधी हाताने आकडेमोड करणाऱ्या, म्हणजे 'कॉम्प्युटर'च्याच नोकरीत होत्या. यंत्राचं कौतुक झालं, त्या सहा जणींची नावं मात्र कित्येक वर्षं कुणी घेतली नाहीत. शेतात राबायचं एकीने आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, त्यातलीच गत.

मराठीत त्याला संगणक म्हणतात. गणक म्हणजे हिशेब करणारा, हा आपला जुनाच शब्द. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 च्या सुमारास टिफरॅक हा संगणक बांधला गेला, पुण्यात सी-डॅकने 1991 मध्ये परम हा महासंगणक तयार केला. 15 ऑगस्ट 1995 ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं. नेट म्हणजे जाळं. सावित्रीच्या खाडीतल्या जाळ्यात गाठीला गाठ बांधलेली असते, तसे जगभरचे संगणक एकमेकांना जोडलेले.

आता तो सर्व्हर. सर्व्हर म्हणजे वाढपी. पंगतीत आपण पानावर बसून मागतो आणि वाढपी आणून वाढतो. केंद्रातला संगणक म्हणजे आपलं पान. सातबारा, दाखला, रेशनची नोंद दूरच्या मोठ्या संगणकात असते आणि तिथून वाढली जाते. एकाच वेळी सगळा जिल्हा पंगतीला बसला की वाढप्याचे हात अपुरे पडतात किंवा तो मटकन खाली बसतो. हेच सर्व्हर डाऊन. म्हणजे तुमच्या कागदात खोट नाही. पण कधी वाढपी धडधाकट असतो आणि वाटच बंद असते, म्हणजे गावातलं नेट गेलेलं असतं. तेव्हा "सर्व्हर गेलाय की नेट?" एवढं विचारावं. नेट गेलं असेल तर शेजारच्या गावी काम होऊ शकतं. सर्व्हरच बसला असेल तर तीही खेप फुकट.

क्लाउड म्हणजे ढग. आपल्या महाड-पोलादपूरकडे ढग म्हटलं की छाती धडधडते. 22 जुलै 2021 ला तळियेवर दरड कोसळली, महाड पाण्यात बुडालं. अशा पुरात माणसांबरोबर कपाटातले कागदही जातात. या दुसऱ्या ढगाला मात्र आभाळ नाही. तो म्हणजे दुसरीकडच्या इमारतींत ठेवलेले मोठे संगणक. नवी मुंबईत ऐरोली, महापेकडे अशा इमारती आहेत. सरकारचं डिजिलॉकर 2015 पासून चालू आहे. त्यात आलेलं आधार किंवा गुणपत्रिका पुन्हा काढता येते. कागदाचा नुसता मोबाईलमध्ये फोटो काढला, तर तो मोबाईलबरोबरच भिजतो, हे ध्यानात असू द्या.

पासवर्ड हा सैन्यातला शब्द. छावणीत, किल्ल्यावर रात्री येणाऱ्याला पहारेकरी परवलीचा शब्द विचारायचा. आपल्या रायगडाचे दरवाजे तर सांजेला बंद होत. हिरकणी कड्यावरून उतरली ती त्यामुळेच, असं आपण ऐकत आलोय. ओटीपी ही एका वेळेपुरती परवली, एकदा वापरली की संपली. आता नीट बघा, परवली कोण विचारतं? पहारेकरी, दरवाजाशी उभा राहून. बँकेचा दरवाजा म्हणजे बँकेचं ॲप, आणि आपण आत जातो तेव्हा ते आपल्यालाच विचारतं. फोन करून "ताई, नंबर सांगा" म्हणणारा दरवाजाबाहेरचा आहे. त्याला आपल्या परवलीने आत घुसायचंय. सांगून बसलात आणि पैसे गेले, तर लगेच 1930 ला फोन लावा. घरात ओरडा बसेल म्हणून रात्र घालवू नका. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येण्याचा संभव असतो.

राहिला अंगठा. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवताना वर काय लिहिलंय ते बायकांना कोण वाचून दाखवत होतं? 1858 साली बंगालात विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका ठेकेदाराच्या करारावर सहीबरोबर त्याच्या हाताचा ठसा घेतला, आणि सरकारी कामात ठसे घ्यायची वाट तिथून पडत गेली. पहिलं आधार 2010 मध्ये नंदुरबारच्या टेंभली गावात एका बाईला मिळालं. आता गावातल्या बँकमित्राच्या यंत्रावर अंगठा टेकला की खात्यातून पैसे निघतात. टेकण्याआधी पडद्यावरची रक्कम वाचून घ्या, वाचता येत नसेल तर गटातली कुणीतरी सोबत न्या. पैसे हातात पडले की छापील पावती मागा. आणि "अंगठा लागला नाही, पुन्हा लावा" असं सांगितलं, तर आधीच्या वेळचं काय झालं ते विचारून मगच बोट पुढे करा.