आगीचा विमा, पावसाचा मुलूख

गृहविम्याची कुठलीही पॉलिसी उघडा, कंपनी कोणकोणते नुकसान भरून देणार त्या यादीत पहिले नाव आगीचे असते. वादळ, पूर, दरड ही नावे मागाहून येतात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथल्या माणसाला घराची काळजी विचारली तर तो आधी छपराचे नाव घेईल, मग मागच्या डोंगराचे. आगीची आठवण त्याला शेवटी होईल. पॉलिसीचा क्रम आणि मुलखाचा क्रम असा उलटा का, हे कळायला या विम्याचे कूळ शोधावे लागते. ते सापडले की पॉलिसीतली बरीचशी अवघड कलमे सोपी होतात.

आपल्याकडे जोखीम वाटून घेण्याची रीत आली ती मालाच्या निमित्ताने. बोरघाट हा जुना व्यापारी मार्ग. कार्ल्याच्या लेण्यात दान देणाऱ्यांत व्यापाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. घाटाखालच्या बंदरांतून माल जहाजावर चढे, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सावकारांकडे त्यासाठी ‘जोखमी हुंडी’ नावाची सोय होती. माल सुखरूप पोचला तर हुंडीचे पैसे मिळायचे, जहाज बुडाले तर हुंडीही बुडाली. कर्ज आणि विमा एकाच कागदात. पण ही सोय चालत्या मालाची होती. जागच्या जागी उभ्या असलेल्या घराला तसे संरक्षण द्यायला कोणी सावकार पुढे आला नाही.

घराची जबाबदारी भावकीची आणि गावाची. मावळात वैशाख सरताना शाकारणी निघायची. कौले उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, वाळवी लागलेली रीप आणि वाकलेला वासा बदलायचा, आणि मग खालून वर ओळीने कौले पुन्हा चढवायची. ओळीत एक कौल तिरके बसले तर पहिल्या झडीलाच भिंतीवर ओघळ येई. हे काम एकट्याचे नव्हे. भाताच्या लावणीला जशी सावड, तशी इथेही: आज मी तुझ्या छपरावर चढलो, उद्या तू माझ्या. तो हातभार हाच हप्ता, आणि घराचे जळीत झाले की गावाने आणून दिलेले वासे, पेंढा आणि पायलीभर भात हाच दावा. लहान नुकसानीला ही व्यवस्था पुरेशी होती. सगळ्या वाडीवर एकदम संकट आले की ती कोलमडायची, कारण देणारे आणि घेणारे एकच. दूरदूरच्या, एकाच वेळी न बुडणाऱ्या लोकांचे पैसे एकत्र करणे हा त्यावरचा उपाय, आणि तो इथे सुचला नाही, लंडनला सुचला.

सप्टेंबर १६६६च्या आगीत लंडनची तेरा हजारांवर घरे जळाली. त्यानंतर निकोलस बार्बन या गृहस्थाने १६८०च्या सुमारास घरांचा आगविमा विकायला सुरुवात केली. त्याचा दर पाहण्यासारखा आहे: विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के, लाकडी घराला पाच टक्के. आज आपल्या अर्जात ‘बांधकाम पक्के की कच्चे’ असा जो रकाना असतो, त्याचे मूळ या दरपत्रकात दिसते. विमा घेतलेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर कंपनीची धातूची पाटी ठोकत, आणि कंपन्या आग विझवायला आपली माणसे ठेवत. तेव्हापासून या धंद्याची भाषा आगीची राहिली.

मुंबईच्या कोटात १८०३च्या फेब्रुवारीत मोठी आग लागली तेव्हा ही भाषा इकडे रुजलेली नव्हती. १८५० मध्ये कलकत्त्यात ट्रायटन कंपनी निघाली आणि भारतात सर्वसाधारण विम्याचा पाया पडला. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, मुंबईची धनिक मंडळी खंडाळा-लोणावळ्याला बंगले बांधू लागली. १९०७ मध्ये मुंबईत इंडियन मर्कंटाइल ही सर्व प्रकारचा सर्वसाधारण विमा करणारी पहिली भारतीय कंपनी उभी राहिली.

आणि इथे लोणावळ्याचा थेट संबंध येतो. ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे पाणी अडवायचे, नळांतून घाटाखाली सोडायचे आणि खोपोलीला वीज करायची. १९१५ मध्ये वीज मुंबईत पोचली. वडिलांच्या पश्चात हे काम तडीस नेणाऱ्या सर दोराबजी टाटांनी चारच वर्षांनी, १९१९ मध्ये, न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स कंपनी स्थापन केली. मावळचा पाऊस ज्यांनी भांडवल म्हणून पाहिला त्याच घराण्याने देशाला एक मोठी विमा कंपनी दिली. तिचा आगविमा मात्र लंडनच्याच वळणाचा होता, आणि शेजारच्या मुळशीत टाटांच्याच धरणात जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांची जोखीम कुठल्याच पॉलिसीत बसणारी नव्हती, हेही याच इतिहासात लिहून ठेवले पाहिजे.

आगीच्या भाषेच्या मर्यादा १४ एप्रिल १९४४ला उघड्या पडल्या. मुंबई गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, आगीने वस्त्या गिळल्या, आणि दारूगोळ्याच्या स्फोटाने झालेले नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही असे निघाले. भरपाईसाठी सरकारला स्वतंत्र वटहुकूम काढावा लागला. पुढे जोडकलमांचा काळ आला: वादळ-पूर एक जोड, दंगल दुसरी, भूकंप तिसरी. १ जानेवारी १९७३ला राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमा संस्थांच्या चार कंपन्या झाल्या, आणि देशभर ठरीव दरपत्रक चालले. त्या काळच्या स्टँडर्ड फायर पॉलिसीत हप्ता कमी करण्यासाठी वादळ-पुराचे संरक्षण वगळून घेता येई. घाटमाथ्यावर ती बचत किती महागाची, हे सांगायला नको.

आगीला मागे सारणारा खरा बदल १ एप्रिल २०२१ला झाला. विमा नियामकाने ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्व कंपन्यांना विकायला लावली. तिच्यात वादळ, पूर, भूकंप, जमीन खचणे, दरड आणि डोंगरावरून दगड कोसळणे हे सगळे मूळ संरक्षणातच आहे. अमेरिकेत १९५० पासून घरमालकांची एकत्रित पॉलिसी मिळते, पण तिच्यात पूर नसतो; त्यासाठी १९६८ मध्ये त्यांना सरकारी योजना काढावी लागली. या एका बाबतीत आपला कागद त्यांच्यापेक्षा उजवा आहे, असे माझे ठाम मत आहे.

मावळच्या माणसाने तो कागद कसा वाचावा? पहिली गोष्ट रकमेची. विमा बांधकामाचा होतो, जमिनीचा नाही. चटईक्षेत्राला आजच्या बांधकाम खर्चाने गुणायचे. समजा, हजार चौरस फूट आणि फुटाला दोन हजार रुपये खर्च, तर रक्कम २० लाख. बाजारात तो बंगला दोन कोटींना जाईना का. घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण वेगळी यादी न देता मिळते. दागिन्यांसाठी मात्र जोडकलम घ्यावे लागते. पूर्वी रक्कम कमी लावली की भरपाईही त्या प्रमाणात कापली जाई. घरमालकाला सर्वांत जास्त रडवणारे कलम हेच. नव्या पॉलिसीत ते काढून टाकले आहे.

दुसरी गोष्ट ओलीची. अचानक ओढवलेले संकट आणि हळूहळू झालेली झीज यांत विमा आगीच्या काळापासून फरक करतो. नवा पाया बसताना गेलेला तडा किंवा दर पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल यांची भरपाई मिळत नाही. ते काम अजून शाकारणीचेच आहे, मग छप्पर कौलांचे असो की स्लॅबचे. डोंगराच्या पोटात जेसीबी लावून खणले आणि जमीन खचली, तर तेही वगळलेले. उतार कापून बंगले चढवणाऱ्यांनी आणि ते विकत घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

तिसरी बंद घराची. शनिवार-रविवारपुरती उघडणारी घरे लोणावळ्यात गल्लोगल्ली आहेत. जुन्या स्टँडर्ड पॉलिसीत घर सलग ३० दिवसांहून अधिक रिकामे राहिले आणि कंपनीची परवानगी नसली तर संरक्षण थांबे. आपल्या पॉलिसीत याबद्दल काय लिहिले आहे ते आधी शोधावे. ‘गृह रक्षा’त चोरीची भरपाई केवळ आपत्तीनंतरच्या सात दिवसांतली, एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा लागतो. आणि बंगला पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देत असाल तर तो धंदा आहे, राहते घर नव्हे. कंपनीला तसे लेखी कळवून त्याला बसणारी पॉलिसी घ्यावी.

तळेगाव-वडगावच्या फ्लॅटधारकांचा घोटाळा निराळा. कर्ज घेताना बँकेतून जो विमा गळ्यात पडतो तो पुष्कळदा कर्जदाराच्या जिवाचा असतो, भिंतींचा नसतो. इमारतीचा विमा सोसायटीने उतरवायचा, असे आदर्श उपविधी सांगतात. तो उतरवला आहे का हे वार्षिक सभेत विचारायला हवे. घरातले फर्निचर, फ्रीज, टीव्ही यांचा विमा ज्याचा त्याने घ्यायचा.

राहिली डोंगरपायथ्याची गावे. जुलै १९८९ मध्ये भाजे गावावर दरड आली आणि चाळीसच्या आसपास माणसे गेली. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने मावळात पत्रे उडवले, पॉलिहाऊस भुईसपाट केली. अशा वेळी तलाठ्याचा पंचनामा होतो. सरकारी निकषाप्रमाणे (२०२२ ते २०२६) पूर्ण पडलेल्या घराला सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. ती मदत आहे. तेवढ्यात घर उभे राहत नाही. गवताच्या आणि कुडाच्या घराला कंपनी ‘कच्चे’ म्हणते, आणि विम्याची गरज सर्वांत जास्त असलेला माणूस याच रकान्याशी अडतो.

नागालँड सरकारने २०२४ मध्ये वेगळी वाट धरली: आपत्तीचा विमा राज्याने स्वतः उतरवला आणि हप्ताही राज्यानेच भरला. ठरवलेल्या मर्यादेपलीकडे पाऊस झाला की भरपाईची रक्कम राज्याकडे येते, घरोघर सर्व्हेअर फिरण्याची वाट पाहत नाही. लोणावळ्याचा पाऊस रोज मोजला जातो आणि पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात छापून येतो. त्या आकड्याच्या आधारावर मावळच्या डोंगरपायथ्याच्या वाड्यांसाठी महाराष्ट्र सरकारने असा करार करावा. त्यात घर पक्के की कच्चे हा रकाना लागणार नाही.