नदीपलीकडची डिचोली



पावसाळा सरताना धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना घेऊन डिचोली तालुक्यात गेलो होतो. दिवाडी बेटाच्या टोकाला नार्वे येथे फेरीबोटीत बसलो आणि काही मिनिटांत पलीकडे उतरलो. त्या काठावरच्या गावाचे नावही नार्वेच! पुढे मयेचा तलाव आणि त्याला वेढून उभ्या हिरव्यागार टेकड्या. मुले फोटो काढण्यात दंग झाली.

मी त्यांना सांगितले, १७व्या शतकात ही नदी म्हणजे दोन राज्यांची सीमा होती. दिवाडीवर पोर्तुगीज, डिचोलीत विजापूरची आदिलशाही. पोर्तुगीज राजवटीत दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पाडले गेले, तेव्हा भाविकांनी आपला देव नदीपार नेला. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार केला. हे बहुतेकांना ठाऊक असते.

“पण सर, आपल्या लोकांना पळायची गरज नव्हती ना?” एका मुलीने विचारले.

होती. मातेउस दे कास्त्रो हे दिवाडीचेच सुपुत्र. स्थानिक म्हणून गोव्यात त्यांना गुरुदीक्षा नाकारण्यात आली. ते रोमला गेले, तेथे धर्मगुरू झाले आणि १६३७ साली बिशप. लॅटिन विधीचे ते पहिले भारतीय बिशप मानले जातात. तरीही गोव्यातील अधिकाऱ्यांनी त्यांचा अधिकार मानला नाही. अखेर त्यांनी आदिलशाही मुलखात, डिचोलीत मुक्काम केला, तेथे चर्च बांधले. आपल्याच माणसाला ख्रिस्तसभेच्या घरात जागा नव्हती; आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या राज्यात.

त्यांना संत ठरवण्याचा माझा हेतू नाही. मनातील कडवटपणा त्यांनी लेखणीतून ओतला. विजापूरला गोव्याविरुद्ध चिथावल्याचा आरोपही पोर्तुगीजांनी त्यांच्यावर ठेवला. झालेला अन्याय खरा असला, तरी त्याची जखम उराशी जपत बसले की ती चिघळते.

परतताना फेरीबोटीत मुले गप्प होती. माझ्याही मनात एक प्रश्न घोळत होता. आपल्या धर्मग्रामात बाहेरून कामासाठी आलेली कुटुंबे मागच्या बाकांवर बसतात. वाचनाला, गायनाला, समितीवर आपण त्यांना कधी बोलावतो? की आपणही कुणाला तरी गुपचूप नदीपलीकडे धाडत आहोत?

बांधणाऱ्यांनी टाकून दिलेल्या दगडाची शिकवण आपण मुलांना देतो. येत्या रविवारी एका तरी कुटुंबाला पुढच्या बाकावर बोलावू या. प्रभू आपल्याला तेवढे बळ देवो. आमेन.