दातेरी चाकांचा आवाज काय सांगतो?

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात एम.जी.बी. ही छोटी स्पोर्ट्स मोटार तयार होत असे. अशा पाच लाखांहून अधिक मोटारी बनल्या आणि त्यांतील पुष्कळ आजही हौशी मंडळींनी जपून ठेवल्या आहेत. सुरुवातीच्या वर्षांतील एम.जी.बी. पहिल्या गिअरमध्ये निघाली की वेगाबरोबर चढत जाणारा एक स्पष्ट सूर ऐकू येतो. हा बिघाड आहे का? उत्तर चुकले तर नुकसान होते, कारण या मोटारीचा गिअरबॉक्स काढायचा म्हणजे सहसा इंजिनासकट बाहेर काढावा लागतो. उलट, खऱ्या बिघाडाकडे दुर्लक्ष केले तर झिजलेल्या बेअरिंगचा चुरा तेलातून फिरून चांगले दातेही खराब करतो. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी दातेरी चाकांचा थोडा इतिहास पाहू या.

रॉबर्ट हूक याने १६८१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत पितळी दातेरी चाके वेगाने फिरवून त्यांतून सूर काढून दाखवले. पुढे १८३० च्या सुमारास फेलिक्स साव्हार या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने अशाच चाकाच्या दात्यांना पातळ पत्ता टेकवून ध्वनीची वारंवारता मोजली. त्यामागील गणित सोपे आहे: दात्यांची संख्या गुणिले दर सेकंदाच्या फेऱ्या म्हणजे वारंवारता. समजा, २० दात्यांचे चाक मिनिटाला ३००० फेऱ्या घेत आहे. म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या झाल्या आणि सुराची वारंवारता १००० हर्ट्झ झाली. त्यातील एकच दाता तुटका असेल तर या सुराबरोबर सेकंदाला ५० ठोकेही ऐकू येतील. अखंड सूर सगळ्या दात्यांविषयी सांगतो, तर फेरीला एकदा येणारा ठोका एखाद्या दात्याविषयी.

पण तेल घातलेली, नीट बसवलेली चाके मुळात आवाज का करतात? अठराव्या शतकात गणिती ऑयलर याने दात्यांसाठी एक विशिष्ट वक्ररेषा सुचवली. वर्तुळावर गुंडाळलेला दोरा ताणून उलगडत गेल्यास त्याचे टोक जी रेषा काढते, तीच ही रेषा. असे दाते एकमेकांत फिरताना दोन्ही चाकांच्या वेगांचे गुणोत्तर कायम राहते. मात्र हे कागदावर. प्रत्यक्षात दाते भाराखाली किंचित वाकतात आणि कापताना थोडी चूक राहतेच. त्यामुळे दर दात्यागणिक वेगात बारीकसा हिसका बसतो, तो शाफ्ट आणि बेअरिंगांमधून गिअरबॉक्सच्या कवचापर्यंत पोचतो, आणि तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणे कवच तो आवाज वाढवते.

हिसका कमी करण्याची युक्तीही हूकचीच. एकाच अक्षावर अनेक पातळ चाके थोडी थोडी पुढे सरकवून बसवावीत, म्हणजे सगळा भार एकदम एका दात्यावर येत नाही, ही त्याची कल्पना. तिचेच पुढचे रूप म्हणजे तिरपे दाते. सरळ दात्याची पूर्ण रुंदी एकाच क्षणी टेकते, तर तिरपा दाता एका टोकाकडून हळूहळू टेकत जातो आणि शांत चालतो.

आता एम.जी.बी.कडे वळू. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पहिल्या गिअरचे दाते सरळ होते. म्हणून त्या गिअरमधला सूर हा बिघाड नव्हे. तो रचनेचाच भाग आहे. शिवाय या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. सिंक्रोमेशमध्ये शंकूच्या आकाराची कडी घर्षणाने दोन्ही भागांचा वेग आधी सारखा करतात आणि मगच ते एकमेकांत गुंततात. १९२८ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत तो प्रथम आला. तेव्हा जुन्या एम.जी.बी.त चालत्या गाडीत पहिला गिअर टाकताना करकर झाली तर नवल नाही, पण तीच करकर दुसऱ्या गिअरमध्ये झाली तर कडी झिजल्याचा संशय घ्यावा. १९६७ च्या अखेरीस आलेल्या सुधारित गाडीत पुढच्या चारही गिअरना सिंक्रोमेश मिळाला. म्हणजे गाडीचे साल माहीत नसेल तर आवाजाचा अर्थ लागत नाही.

उरलेला शोध प्रयोगशाळेतल्यासारखा, एका वेळी एकच गोष्ट बदलून घ्यायचा. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला, अशा स्थितीत आवाज येतो आणि क्लच दाबताच थांबतो. म्हणजे दोष इंजिनाकडून फिरणाऱ्या पहिल्या शाफ्टच्या बेअरिंगमध्ये किंवा त्याच्याबरोबर फिरणाऱ्या लेशाफ्टमध्ये असावा. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर क्लच सोडवणारे बेअरिंग तपासावे, एम.जी.बी.त ते गोळ्यांचे नसून कार्बनच्या कड्याचे असते. तिसरी कसोटी सर्वांत सुंदर आहे. पहिल्या तीन गिअरमध्ये शक्ती लेशाफ्टवरून जाते. चौथ्यात दोन मुख्य शाफ्ट सरळ जोडले जातात, त्यामुळे लेशाफ्ट फिरतो, पण त्यावर भार नसतो. म्हणून तिन्ही गिअरमधला खडखडाट चौथ्यात नाहीसा झाला तर लेशाफ्टकडे बोट जाते. आवाज एकाच गिअरमध्ये असेल तर त्या जोडीचे दाते पाहावेत. उतारावर न्यूट्रलमध्ये घरंगळतानाही तो तसाच राहिला, तर मागच्या आसाकडेही पाहावे.

वर्गात हे दाखवायला मोटार लागत नाही. सायकल स्टँडवर लावून मागचे चाक फिरवावे आणि तारांना जुने पोस्टकार्ड टेकवावे. ४० तारा आणि सेकंदाला दोन फेऱ्या असतील तर वारंवारता ८० हर्ट्झ. मग एका तारेला कपड्यांचा चिमटा लावून फेरीला एकदा येणारा वेगळा ठोका ऐकवावा. शेवटी मुलांना विचारावे: कित्येक मोटारी मागे घेताना वेगळाच सूर का काढतात? दात्यांच्या आकारापर्यंत ती आपणच पोचतील.