रेडिओ संचांच्या बॅटऱ्या

ट्रान्झिस्टर, हातात धरण्याचे वॉकी-टॉकी संच आणि हौशी (हॅम) रेडिओ केंद्रे घरगुती वीजपुरवठ्याशिवाय चालविण्यासाठी बॅटऱ्या वापरल्या जातात. त्यांची निवड तीन गोष्टींवर ठरते : बॅटरीचा रासायनिक प्रकार, संचाचा विद्युतवापर आणि वापराच्या ठिकाणी ती पुन्हा चार्ज करण्याची सोय. २००१ च्या भूज भूकंपात दूरध्वनी यंत्रणा कोलमडल्यावर हौशी रेडिओचालकांनी संदेशवहन केले. अशा प्रसंगी केंद्र किती वेळ चालेल हे मुख्यतः बॅटरीवरच अवलंबून असते.

प्रकार

क्षारीय (अल्कलाइन) सेल १.५ व्होल्टचा असतो व पुन्हा चार्ज करता येत नाही. कमी वीज घेणाऱ्या ट्रान्झिस्टरसाठी तो सोयीचा असतो. मात्र संपलेला सेल संचातच राहिल्यास त्यातील द्रव गळून संपर्कपट्ट्या गंजतात.

निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा असून शेकडो वेळा चार्ज करता येतो.

लिथियम-आयन सेलचा विद्युतदाब सुमारे ३.७ व्होल्ट असतो. बहुतेक वॉकी-टॉकी संचांत असे दोन सेल एकसर जोडणीत, म्हणजे ७.४ व्होल्टचे, असतात.

शिसे-आम्ल बॅटरी १२ व्होल्टची, स्वस्त पण जड असते. ती वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते.

लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीतील चार सेल मिळून १२.८ व्होल्ट होतात. १३.८ व्होल्टसाठी बनविलेल्या हौशी संचांना हा विद्युतदाब मानवतो आणि बॅटरी संपत येईपर्यंत तो फारसा घटत नाही.

क्षमतेचा हिशेब

बॅटरीची क्षमता अँपिअर-तासांत मोजतात. समजा, एखादा संच प्रक्षेपण करताना १० अँपिअर व ऐकताना ०.५ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो आणि एकूण वेळेच्या दहाव्या भागात प्रक्षेपण होते. तर सरासरी प्रवाह १.४५ अँपिअर आणि १२ तासांची गरज सुमारे १७.४ अँपिअर-तास येते. त्यासाठी लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी २० ते २२ अँपिअर-तासांची पुरते. शिसे-आम्ल बॅटरी मात्र किमान ३५ अँपिअर-तासांची लागते. पहिलीचे वजन साधारण तीन किलोग्रॅमपर्यंत, तर दुसरीचे दहा किलोग्रॅमच्या आसपास असते. प्रक्षेपणाची शक्ती कमी केल्यास हीच बॅटरी अधिक काळ पुरते.

चार्जिंग

प्रत्येक प्रकारासाठी त्याचाच चार्जर वापरणे आवश्यक असते. निकेल-मेटल हायड्राइड सेल क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने सुमारे १४ ते १६ तासांत भरतो. लिथियम-आयन सेल आधी स्थिर प्रवाहाने व नंतर ४.२ व्होल्टच्या स्थिर विद्युतदाबाने चार्ज करतात. ही मर्यादा ओलांडल्यास आग लागण्याचा धोका असतो. चार सेलच्या लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीसाठी कमाल मर्यादा १४.६ व्होल्ट असते. लिथियम-आयन बॅटरी दीर्घकाळ ठेवायची असल्यास ती सुमारे निम्मी भरून थंड जागी ठेवतात. शिसे-आम्ल बॅटरी मात्र पूर्ण भरूनच ठेवावी लागते. अन्यथा तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर जमतात.

मुळशीसारख्या डोंगराळ भागातील वापर

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात सह्याद्रीच्या रांगा व खोल दऱ्या आहेत. हौशी चालक वापरत असलेल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरी मुख्यतः सरळ रेषेत जातात व डोंगराआड अडतात. त्यामुळे संच उंचावर नेणे उपयुक्त ठरते आणि तेथे बॅटरीचे वजन महत्त्वाचे असते.

ताम्हिणी घाट परिसरात पावसाळ्यात अतिवृष्टी होते. वीज खंडित होण्याची शक्यता याच काळात अधिक असते आणि ढगाळ हवामानामुळे सौर पट्ट्यांपासून मिळणारी वीजही याच काळात सर्वांत कमी असते. म्हणून केवळ सौर पट्टीवर विसंबता येत नाही. पाऊस सुरू होण्यापूर्वी भरून ठेवलेली राखीव बॅटरी किंवा वाहनावरून चार्जिंगची सोय लागते. १२ व्होल्टची म्हणून विकली जाणारी सौर पट्टी भाररहित स्थितीत सुमारे २० व्होल्ट देते. त्यामुळे पट्टी व बॅटरी यांच्यामध्ये चार्ज नियंत्रक जोडावा लागतो. काही नियंत्रकांमुळे रेडिओत खरखर येते. ऐकताना ते संचापासून दूर ठेवतात किंवा बंद करतात.

सुरक्षितता व विल्हेवाट

बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज बसवितात, जेणेकरून तारा एकमेकींना चिकटल्यास आग लागत नाही. फुगलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज करणे धोकादायक असते. निकामी बॅटऱ्यांचे संकलन व पुनर्चक्रण यांची जबाबदारी भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार उत्पादकांवर आहे; ग्राहकाने त्या घरगुती कचऱ्यात न टाकता संकलकाकडे द्याव्यात, अशी अपेक्षा आहे.