दोन इंचांचे सिलिंडर आणि अकरा वर्षांची गळती

१/ किटलीचे झाकण थडथडले आणि जेम्स वॉटला बाष्पयंत्र सुचले, ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलो. प्रत्यक्षात प्रारंभ झाला तो एका नादुरुस्त प्रतिकृतीपासून, आणि खरी झुंज होती दट्ट्याभोवतीच्या फटीशी. आजचा थ्रेड त्या फटीविषयी. 🧵

२/ १७६३-६४ चा हिवाळा. ग्लासगो विद्यापीठात उपकरणे बनवणाऱ्या वॉटकडे न्यूकमेन यंत्राची प्रतिकृती दुरुस्तीस आली. सिलिंडरचा व्यास अवघा २ इंच, दट्ट्याची धाव ६ इंच. दुरुस्ती झाली, पण चार-दोन फेऱ्यांतच यंत्र थांबे. वाफ पुरत नसे.

३/ न्यूकमेनच्या यंत्रात (१७१२) सिलिंडरमधील वाफेवर थंड पाण्याचा फवारा मारीत. आत निर्वात होई आणि हवेचा दाब दट्ट्या खाली ढकली. दर फेऱ्यात सिलिंडर थंड होई, पुन्हा तापे. लहान सिलिंडरला आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग अधिक, म्हणून हा अपव्यय प्रतिकृतीत ठळकपणे दिसला.

४/ १७६५ मध्ये वॉटला उपाय सुचला: वाफ वेगळ्या पात्रात थंड करावी, सिलिंडर सदैव तप्त राखावे. पाठ्यपुस्तकातील कथा बहुधा येथेच संपते.

५/ मात्र त्या काळचे सिलिंडर आतून ओबडधोबड असे. न्यूकमेनच्या यंत्रात दट्ट्याला चामडे लावून वर पाण्याचा थर ठेवीत, तोच फट बुजवी. वॉटला हे पाणी चालणार नव्हते, कारण ते झिरपताच सिलिंडर थंड झाले असते.

६/ १७६९ च्या पेटंटात त्याने पाण्याऐवजी तेल, मेण, चरबी, पारा सुचवला. किनील येथील यंत्रावर कागद, जुन्या टोप्यांचा नमदा, असे नाना प्रयोग केले. गळती थांबेना. १७७३ मध्ये भागीदार जॉन रोबकचे दिवाळे निघाले, त्याच वर्षी पत्नी मार्गारेट निवर्तली. उदरनिर्वाहासाठी वॉट कालव्यांची पाहणी करीत होता.

७/ मार्ग काढला तो लोखंडाचा कारखानदार जॉन विल्किन्सनने. तोफा कोरण्याच्या यंत्राचे पेटंट त्याने १७७४ मध्ये घेतले होते. पुढे सिलिंडर कोरताना कापणाऱ्या दांड्याला दोन्ही टोकांना आधार दिला, त्यामुळे दांडा वाकेना. १७७६ मध्ये वॉटचा नवा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने नोंदवले की, ५० इंची सिलिंडरमधील चूक जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही नाही.

८/ आज मॉडेल विमानांचे छांदिष्ट इंजिनाचा पंखा हाताने फिरवून कॉम्प्रेशन तपासतात. विरोध जाणवला नाही तर सिलिंडरमध्ये तेलाचे दोन-चार थेंब सोडतात. विरोध परतला तर दट्ट्या, रिंग वा सिलिंडर झिजले आहे. न परतल्यास प्लग व गॅस्केट पाहावे. ते थेंब म्हणजे न्यूकमेनचे पाणीच, फट तात्पुरती बुजवणारे. कायमचा इलाज मात्र विल्किन्सनचा: अचूक बसणारा दट्ट्या.

९/ १७६५ ची कल्पना १७७६ मध्ये खाणीवर कामाला लागली. मधली अकरा वर्षे केवळ बुद्धीची नव्हती. पैशाची, धीराची आणि नेमक्या कारागिरीच्या प्रतीक्षेची होती. म्हणून ‘शोध कुणी लावला’ याबरोबरच ‘तो घडवला कुणी’ हेही विचारत जा.

ती प्रतिकृती आजही ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आहे.