स्लेड ठरवते ट्रॅक्टर कुठे मोडणार

लोड टेस्टिंग केलेल्या कुणालाही हे पटेल.. सर्व्हर कोसळला की "लोड किती होता?" यापेक्षा "लोड चढवला कसा?" हा प्रश्न जास्त कामाचा. सगळे युजर एकदम सोडले तर एक गोष्ट मोडते, हळूहळू वाढवले तर भलतीच. अमेरिकेतल्या ट्रॅक्टर पुलिंगचा इतिहास वाचताना मला सारखं हेच आठवत होतं.

खेळ साधा आहे. ट्रॅक्टरमागे वजनाची स्लेड अडकवायची आणि मातीच्या ट्रॅकवर जमेल तितकी लांब ओढायची. ३०० फूट गाठले की 'फुल पुल'. आधी हे घोड्यांचं काम होतं. १९२९ मध्ये ओहायो आणि मिझुरीत ट्रॅक्टर उतरले. तेही शेतातलेच बरं का! रविवारी स्पर्धेत ओढायचं आणि सोमवारी त्याच ट्रॅक्टरने नांगरायचं. म्हणजे मैदानात गिअर तुटला की शेतातलं काम अडलंच.

जुनी स्लेड म्हणजे नुसतं ओझं. थांबलेली वस्तू हलवायलाच सगळ्यात जास्त जोर लागतो, त्यामुळे सगळा मार पहिल्या हिसक्यात, क्लच आणि मागच्या अ‍ॅक्सलवर. मग 'स्टेप-ऑन' आलं. ट्रॅकच्या कडेला ठराविक अंतरावर माणसं उभी करायची, स्लेड समोर आली की एकेकाने तिच्यावर चढायचं!! वेग वाढला तसा हा प्रकार जीवघेणा झाला. शिवाय माणसांची वजनं काय सारखी असतात?

१९६९ मध्ये आठ राज्यांच्या प्रतिनिधींनी नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन स्थापन करून नियम एकसारखे केले. पुढे यांत्रिक स्लेडचंच राज्य आलं. हिच्यात वजनाची पेटी सुरुवातीला मागच्या चाकांवर असते. चाकं फिरू लागली की गिअर आणि साखळी तिला चढत्या रुळांवरून पुढे खेचतात. पुढे चाकं नाहीत, सपाट लोखंडी पॅन आहे. पेटी जितकी पुढे, तितका पॅन मातीत दाबला जातो.

आता स्लेडवाल्याच्या हातात तीन गोष्टी आल्या: एकूण वजन, पेटी कुठून निघणार आणि किती भरभर चढणार. पेटी आधीच पुढे ठेवली तर ट्रॅक्टर वेग घेण्याआधीच ओझ्याखाली येतो. जुन्याच स्लेडसारखा ताण गिअर-अ‍ॅक्सलवर. पेटी मागे ठेवून भरभर चढवली तर ट्रॅक्टर सुसाट सुटतो आणि ऐन वेगात भिंतीवर आदळल्यासारखा अडकतो. टायर उड्या मारू लागले की प्रत्येक उडीचा धक्का गिअरच्या दातांवर. पुढची चाकं हवेत असतील तर इंजिन बंद करताच ती धाडकन खाली, मग पुढचा अ‍ॅक्सलही सुटत नाही.

माझ्या मते घसरणारा टायर हा यातला खरा फ्यूज. माती भुसभुशीत असेल तर टायर घसरतो आणि आतलं वाचतं. माती घट्ट असेल तर पकड सुटत नाही, फ्यूज उडत नाही.. मग शाफ्ट उडतो! म्हणून तेच सेटिंग दुसऱ्या मैदानावर चालेलच असं नाही.

हे आधी कळणार कसं? त्यासाठी पहिला स्पर्धक 'टेस्ट पुलर' असतो. त्याची ओढ पाहून स्लेड बदलली, तर त्याला पुन्हा ओढायला मिळतं. अंतर नव्याने मोजलं जातं, क्लच मात्र तोच, एकदा तापलेला.