श्रद्धा, रूढी आणि सामाजिक नियंत्रण : चवदार तळ्याच्या अनुषंगाने एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना :

समाजातील श्रद्धा, रूढी आणि त्यांच्या आधारे वाढलेल्या उपसंस्कृती या बहुसंख्यांना ताब्यात ठेवण्यासाठी कोणी हेतुपुरस्सर निर्माण केल्या काय, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांपुढे वारंवार उभा राहतो. युरोपातील अठराव्या शतकाच्या बुद्धिवाद्यांपैकी अनेकांनी धर्मसंस्थेचे मूळ पुरोहितांच्या स्वार्थात शोधले. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले यांनी हा प्रश्न जातिव्यवस्थेसंदर्भात मूलगामी स्वरूपात मांडला. या प्रश्नाच्या उत्तरात दोन धोके संभवतात. सर्व काही कारस्थान होते असे मानल्यास पिढ्यान्‌पिढ्या रूढी पाळणारा समाज निर्बुद्ध ठरतो. सर्व काही आपोआप घडले असे मानल्यास अन्यायाची जबाबदारी कोणावरच राहत नाही. प्रस्तुत निबंधात तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील घटनांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

फुले यांची मांडणी आणि परशुरामकथा :

१८७३ साली प्रसिद्ध झालेल्या 'गुलामगिरी' या ग्रंथात फुले यांनी पुराणातील अवतारकथांचा अर्थ आक्रमणाचा इतिहास असा लावला. त्यांच्या मते या कथा शूद्रातिशूद्रांना मानसिक दास्यात ठेवण्यासाठी रचल्या गेल्या. या विवेचनात परशुरामालाही स्थान आहे. परशुरामाने समुद्र हटवून कोकणची भूमी निर्माण केली ही कथा दिघी-श्रीवर्धनपासून दक्षिणेपर्यंतच्या किनाऱ्यावर आजही सांगितली जाते. भूमीच एका वर्गाच्या पूज्य पुरुषाने दिली असे मानले की तीवरील त्या वर्गाच्या श्रेष्ठत्वाला दैवी आधार मिळतो, हे उघड आहे.

तथापि ही कथा ज्या 'सह्याद्रिखंडा'त येते, त्याची १८७७ साली गर्सन द कुन्हा यांनी छापलेली आवृत्ती पाहता वेगळी बाजूही दिसते. चित्पावनांची उत्पत्ती चितेशी जोडणारी आणि त्यांना कमीपणा आणणारी कथा याच ग्रंथात आहे. अर्थात हा ग्रंथ एका हाताने, एका हेतूने रचलेला नसून परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या समूहांचे दावे त्यात साठत गेले असावेत. कथेचा उपयोग वर्चस्वासाठी होणे आणि ती वर्चस्वासाठीच निर्माण होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

१९१६ चा निबंध आणि १९२७ ची कृती :

हा भेद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विद्यार्थिदशेतच स्पष्ट केला होता. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात मनूने जात निर्माण केली हे मत त्यांनी नाकारले. जात मनूच्या पूर्वीपासून होती. त्याने ती संहिताबद्ध केली. एका वर्गाने स्वतःस बंदिस्त करून घेतले आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले, अशी त्यांची उपपत्ती होती. कोणा एका व्यक्तीस वा वर्गास एवढी प्रचंड व्यवस्था इतरांवर लादणे शक्य नाही, असे ते सांगतात.

मग त्याच आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन का झाले? येथे विसंगती आहे असे वरवर वाटते. तिचा उलगडा महाडच्या घटनाक्रमात होतो.

महाडचा घटनाक्रम :

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. परंतु व्यवहारात बदल झाला नाही. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर प्रतिनिधींवर हल्ला झाला. पुढे पंचगव्याने व मंत्रोच्चाराने तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला, तर डिसेंबरमध्ये काही सवर्णांनी तळे खाजगी असल्याचा दावा दाखल करून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, अन्य धर्मीयांना या तळ्यावर मज्जाव नव्हता. म्हणजे प्रश्न केवळ धार्मिक शुचितेचा नव्हता, तर समाजातील स्थान राखण्याचा होता. अस्पृश्यतेची रूढी कोणी निर्माण केली हे इतिहासास नेमके सांगता येत नसले, तरी १९२७ साली ती टिकविण्यासाठी शुद्धीकरण कोणी केले, ठराव कोणी फिरवला, दावा कोणी लावला, याची नोंद आहे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही वहिवाट अनादी काळापासून असल्याचे सिद्ध झाले नाही, असा निर्णय दिला. ज्या प्राचीनतेवर रूढीची सारी भिस्त होती, तीच पुराव्याच्या कसोटीस उतरली नाही.

विरुद्ध बाजूची नोंदही आवश्यक आहे. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे यांसारखे सवर्ण कार्यकर्ते या सत्याग्रहात अग्रभागी होते आणि मनुस्मृतिदहनाचा ठराव जन्माने ब्राह्मण असलेल्या गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. वर्गहित हे प्रत्येक व्यक्तीच्या आचरणाचे अटळ कारण नसते, हे यावरून दिसते.

सत्तेची भूमिका :

दिघीचा परिसर १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. तेथील सिद्दी राज्यकर्ते आफ्रिकी वंशाचे व इस्लामधर्मीय होते. जातिव्यवस्थेशी त्यांचा जन्मसंबंध नसतानाही त्यांच्या राज्यातील हिंदू समाजात ती टिकून राहिली. याउलट १७७९ साली पेशव्यांच्या आग्रहावरून मुंबईच्या इंग्रज सरकारने सोनारांना अभिवादनात 'नमस्कार' शब्द वापरण्यास मनाई केली. यावरून असे म्हणता येते की, सत्ता सहसा श्रद्धा घडवीत नाही. ती असलेल्या श्रद्धेस कधी मूकपणे सोसते, तर कधी हुकमाचे बळ देते. इटालियन विचारवंत अंतोनिओ ग्राम्शी यांनी तुरुंगात केलेल्या टिपणांत, प्रस्थापित व्यवस्था सर्वांना स्वाभाविक वाटू लागते तेव्हा वर्चस्वास बळाची गरज क्वचितच पडते, असा आशय मांडला. महाड येथे ती स्वाभाविकता भंगली आणि त्याक्षणी बळ उघड झाले.

निष्कर्ष :

श्रद्धाव्यवस्था दीर्घकाळात, अनेक हातांनी, अनुकरणाने व स्पर्धेने घडतात. त्यांचे रक्षण मात्र बहुधा जाणीवपूर्वक होते. म्हणूनच मनूने जात निर्माण केली नाही हे मत आणि मनुस्मृतीचे दहन यांत विसंगती नाही. दहन होते ते ग्रंथाच्या अधिकाराचे. फुले यांच्या मांडणीतील उत्पत्तीविषयीचा तपशील आज तसाच स्वीकारता येत नसला, तरी श्रद्धेमागील हितसंबंध विचारण्याचे त्यांनी दिलेले धाडस अबाधित राहते. अभ्यासकाने एखाद्या रूढीचा निर्माता शोधण्यात शक्ती वेचण्याऐवजी, ती मोडू पाहणाऱ्यांना कोणी, केव्हा आणि कोणत्या साधनांनी अडविले, हे तपासावे. त्या प्रश्नाची उत्तरे पालिकेच्या ठरावांत व न्यायालयीन कागदपत्रांत सापडतात, आणि जबाबदारीही तेथेच निश्चित करता येते.